डाव्या बुटातली पट्टी

“आपल्या घरातल्या बायकांचे पाय जाड आहेत, मान्य,” व्हर्नामावशी म्हणाली, “पण जोडीने जाड आहेत. एक खांब आणि एक ढोल असं आपल्यात कुणाचंच नव्हतं. मेरिनचा डावा पाय मला बरा दिसत नाही, रोवेना. डॉक्टरला दाखवा.”

रोवेनाने हसून मान हलवली आणि आपल्या बाळाच्या हनुवटीवरचा भोपळ्याचा लगदा पुसला.

मावशीचं बोलणं मनावर तरी किती घ्यायचं? रविवारी जेवायला आल्यापासून तिने हीटरजवळ वाळत घातलेल्या टॉवेलवरून बोलून झालं होतं, घशात अडकतील म्हणून बाळापुढच्या अख्ख्या द्राक्षांवरून झालं होतं, मागच्या पायरीवरच्या शेवाळावरून झालं होतं. आता मेरिनच्या पायाची पाळी.

मेरिन ही रोवेनाची थोरली बहीण. ती समोरच बसली होती, डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. शरदात ओल्या पानांवरून घसरून तिच्या पावलातलं एक बारीक हाड तडकलं होतं, आणि तेव्हापासून तो पाय गुडघ्यापर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या प्लास्टिकच्या जाडजूड बुटात होता. त्या आठवड्यातच तो निघाला होता.

“मावशी, इतके दिवस डब्यात कोंडला होता तो,” मेरिन म्हणाली. “सुटका झाली म्हणून फुगलाय बिचारा.”

“कोंडलेला पाय वाळतो. तुमच्या आजोबांचा पाय प्लास्टरमधून निघाला तेव्हा काठीसारखा झाला होता.”

“आजोबांचे पाय मुळातच काठीसारखे होते. खांब आजीकडून आलेत.”

“हस. हस तू.”

“मग काय रडू? पुढच्या शनिवारी मला स्टेजवर उभं राहायचंय आणि माझ्याकडे पायात घालायला काही नाही. रडायचं तर त्यावर रडेन.”

मावशीने काट्याने बटाटा बारीक केला. तिघी हसल्या असं रोवेनाला नंतर बरेच दिवस आठवायचं. प्रत्यक्षात दोघीच हसल्या होत्या.

खांबांची गोष्ट जुनी. क्लून्स गावाजवळच्या गोठ्यात आजी दूध काढायची, तेव्हा तिच्या गमबुटांत पोटऱ्या मावत नाहीत म्हणून आजोबांनी ते मागून चाकूने चिरून दिले होते. पुढे आईच्याही गमबुटांना तशीच चीर. मामा लोक कुंपण घालायला निघाले की हटकून म्हणायचे, “खांब विकत कशाला आणता, घरातल्या पोरींनाच रांगेत उभं करा.” सगळे हसायचे, पोरीही हसायच्या. रोवेनाने कॉलेजात गेल्यावर पँट धरली ती धरलीच. मेरिनला मात्र बूट हवे होते. गुडघ्यापर्यंतचे, काळ्या चामड्याचे, आतल्या बाजूला चेन असलेले, नीटनेटके बूट. सोळाव्या वर्षापासून हवे होते. मेलबर्नच्या मोठ्या दुकानात चेन अर्ध्यावर अडकली, तेव्हा विक्रेत्या मुलीने फक्त “ओह” एवढंच म्हटलं होतं. ते ओह मेरिन वीस वर्षं सांगत होती. नक्कल करून, हसवून.

यंदा प्रश्न खरोखरच आला. मेरिन शाळेत संगीत शिकवायची आणि बॅलरॅटच्या एका गायकवृंदात गायची. हिवाळी कार्यक्रमात तिला पहिल्यांदाच एकटीचं गाणं मिळालं होतं. पण वृंदाच्या नव्या बाईंनी लांब झगे बंद केले; गेल्या वर्षी स्टेजच्या पायऱ्यांवर दोघी झग्यात पाय अडकून पडल्या होत्या. आता सगळ्यांना गुडघ्यापर्यंतचा काळा ड्रेस आणि तेवढेच उंच काळे बूट. मेरिनने फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण मधेच तिचा आवाज बारीक झाला. “रो, मी गाणंच सोडू का?” तिने विचारलं होतं.

म्हणून रोवेनाने शोध शोध शोधून जाड पोटऱ्यांना बसतील असे बूट देणारं एक दुकान काढलं.

स्टर्ट स्ट्रीटवरून आत जाणाऱ्या एका गल्लीवजा बाजारात ते होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला लोकरीचं दुकान. मालकीणबाईंचं नाव ग्लेनिस. साठीच्या, गळ्यात टेप, आणि स्वतःचे पायही असे की पाहताच मेरिन थोडी सैलावली. रोवेनाने बाळाची गाडी काउंटरला लावली, ब्रेक दाबला, पुन्हा दाबून पाहिला.

“दुपारनंतरच या असं फोनवर सांगितलं ना मी, ते मुद्दाम,” ग्लेनिस म्हणाल्या. “सकाळचा पाय हलका असतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. बस पोरी. हीटरजवळची खुर्ची घे, बाहेर गारठा आहे. कार्यक्रमात घालणार तेच मोजे आहेत ना पायात? शहाणी आहेस. आता दोन्ही तळवे सपाट जमिनीवर. उभं राहून मोजलं की पोटरी खोटं बोलते.”

“माझी बसूनही खोटंच बोलते,” मेरिन म्हणाली. “ती म्हणते मी मांडी आहे.”

ग्लेनिस खदखदून हसल्या. मग गुडघे टेकून बसल्या आणि टेप गुंडाळण्याआधी त्यांनी मेरिनकडे वर पाहिलं.

“एक सांगते, दरवेळी सगळ्यांना सांगते. पायात दोष नसतो, बुटात असतो. हे बूट बनवणारे कुणाची पोटरी बघून माप धरतात देव जाणे. बगळ्याची असेल. तुझा पाय तुझा आहे. बुटाने त्याच्याकडे यायचं, त्याने बुटाकडे नाही. कळलं?”

मेरिनने मान हलवली. रोवेनाने बाळाच्या टोपीची नाडी विनाकारण सोडून पुन्हा बांधली.

पोटरीच्या सगळ्यात जाड जागी टेप फिरली. उजवी चव्वेचाळीस सेंटीमीटर. डावी सत्तेचाळीस. ग्लेनिसनी डावी पुन्हा मोजली.

“दोन्ही पाय तंतोतंत सारखे मी आजवर कुणाचे पाहिले नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुझा फरक जरा जास्त आहे इतकंच. मार लागलाय ना या पायाला?”

“हाड तडकलं होतं. आत्ताच मोकळा झालाय.”

“मग आहेच. उतरेल सावकाश.”

बूट आले. पहिला जोड उंचीला कमी. “हा नको,” ग्लेनिस म्हणाल्या, “काठ नेमका पोटरीच्या फुगवट्यावर येतोय, मांस वर फुगून येईल. काठ गुडघ्याखाली दोन बोटं हवा.” दुसऱ्याचं चामडं कडक. तिसरा जोड मऊ, मागे शिवण, टाच बेताची. उजव्या पायात चेन सरसर वर गेली आणि काठाशी थांबली. ग्लेनिसनी दोन बोटं आत घालून पाहिली. “असं हवं. श्वास घेता आला पाहिजे पायाला.”

मेरिनने उजवा पाय पुढे करून पाहिला. वळवून पाहिला. आरशात पाहिला. तिचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीचा झाला.

डाव्या पायात चेन मध्यावर अडली.

“ओह,” मेरिनने नक्कल केली, पण या वेळी कुणी हसलं नाही.

“ए, रडायचं नाही इथे. मोठ्या पायाचं माप धरायचं, हा आमचा नियम,” ग्लेनिस म्हणाल्या. “पण त्या मापाचा जोड घेतलास तर उजवा सैल पडेल, चालताना खाली घसरेल. त्यापेक्षा याच जोडातल्या डाव्या बुटाला मागच्या शिवणीत इलॅस्टिकची पट्टी घालून देते. काळी, चामड्याशी जुळणारी. स्टेजवरून कुणाला दिसणार नाही. शुक्रवारी घेऊन जा.”

“एकाच बुटाला?”

“एकाच पायाला हवी ना?”

अंदाज घ्यायला ग्लेनिसनी चेन हळूहळू वर ओढायला घेतली आणि रोवेनाला म्हणाल्या, “तू जरा पोटरी आत दाब, म्हणजे किती कमी पडतंय ते कळेल.” रोवेना वाकली. तिने दोन्ही तळव्यांनी बहिणीची पोटरी धरली, आणि मोज्यातून तिच्या हाताला ऊब लागली. नुसती ऊब नाही. बाळाला ताप असला की कपाळ लागतं तसं. पोटरी कडक होती. मेरिनने ओठ आवळले.

“दुखतंय?”

“दाबल्यावर दुखणारच ना! कणीक आहे का ती?”

“गरम लागतोय गं पाय.”

“हीटर कुठल्या बाजूला आहे बघ.”

हीटर डाव्याच बाजूला होता.

रोवेना सरळ उभी राहिली. मावशीचं वाक्य तिच्या मनात आलं, अगदी शब्दन्‌शब्द, आणि पाठोपाठ छातीत ती ओळखीची धडधड. पण ही धडधड तर तिला रोजचीच होती. बाळ झाल्यापासून तिला सगळ्याचीच धास्ती वाटायची. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरायचं, आंघोळीचं पाणी कोपराने, मग थर्मामीटरने, मग पुन्हा कोपराने बघायचं. नवरा, डेक्लन, आधी हसायचा, मग वैतागायचा, आणि आता नुसता दमलेला असायचा. बाळाचं वजन करायला येणाऱ्या नर्सबाई भल्या होत्या. त्यांनी रोवेनाचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, “रोज एक काळजी मुद्दाम सोडून दे. छोटीशी निवड. हातात धर, नीट बघ, आणि खाली ठेव. जग कोसळत नाही हे हळूहळू कळेल तुला.” आणि खरंच कळत होतं. गेल्या काही दिवसांत तिला जरा झोप लागू लागली होती.

तिने मेरिनच्या पायाकडे पाहिलं. मेरिन उजव्या पायावर तोल सावरत आरशापुढे गुणगुणत होती. आता डॉक्टरचं नाव काढायचं म्हणजे तिला पुन्हा सांगायचं की दोष बुटात नाही, तुझ्याच पायात आहे. वीस वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी उलटं सांगितलं होतं, आणि त्याला अजून पाव तासही झाला नव्हता.

आजची ही, रोवेनाने मनाशी म्हटलं. आणि ती काळजी तिने खाली ठेवली.

शुक्रवारी मेरिनने फोटो पाठवला. तिच्या घरच्या अरुंद बोळातला, आरशात काढलेला. दोन्ही बूट काठापर्यंत बंद. खाली लिहिलं होतं, “बसले!!! बगळे गेले खड्ड्यात.” रोवेनाने तो फोटो मोठा करून पाहिला, पट्टी शोधून पाहिली, सापडली नाही. मग स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून ती आनंदाने रडली.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. बाहेर बारीक थंड पाऊस, सभागृहात ओल्या लोकरीचा वास. रोवेना बाळाला घेऊन मागच्या रांगेत बसली, म्हणजे ते कुरकुरलं तर पटकन उठता येईल. व्हर्नामावशी तिच्या शेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून.

बायका रांगेने स्टेजवर चढल्या. मेरिन चौथ्या पायरीवर थांबली. मागच्या बाईला तिने हसून काहीतरी सांगितलं, बुटाकडे बोट दाखवलं, आणि मग चढली.

“नवे बूट,” रोवेना पुटपुटली.

मावशी मेरिनच्या पायाकडेच बघत राहिली.

मेरिनचं गाणं शेवटाकडे होतं. ती पुढे आली, दिव्याखाली उभी राहिली, आणि खरंच काय सुंदर दिसत होती! ड्रेसचा काठ, मग थोडासा गुडघा, मग ते काळे, तुकतुकीत, अंगाबरोबरचे बूट. तिने आवाज लावला. रोवेना हे गाणं लहानपणापासून ऐकत आली होती, गोठ्यात, गाडीत, आईच्या आजारपणात. दुसऱ्या कडव्यात एक लांब ओळ आहे. ती मेरिन एका दमात घ्यायची, तीच तर तिची ऐट. त्या दिवशी तिने ओळीच्या मधे श्वास घेतला. पुढच्या ओळीत दोनदा. लोकांना कळलं नाही. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या.

नंतर शेजारच्या खोलीत चहा आणि खोबऱ्याचा कीस लावलेले चॉकलेटी केक होते. मेरिन भिंतीला टेकून खुर्चीत बसली होती. गाल लाल, कपाळावर घाम.

“मधे श्वास का घेतलास?” रोवेनाने विचारलं.

“तुला कळलं ते? चोर कुठली! ड्रेसची कंबर घट्ट आहे गं. सगळंच काही पट्टी घालून मिळत नाही.” बोलताना ती मधेच थांबली, पुन्हा बोलली. “बूट बघितलेस? वरच्या सुरांत गाणाऱ्या मॅव्हिसने विचारलं कुठून घेतलेस. मॅव्हिसने! बगळ्याच्या पायांच्या मॅव्हिसने!”

डाव्या बुटाची चेन वितभर खाली आली होती.

“संध्याकाळचा पाय,” मेरिन ग्लेनिसच्या आवाजात म्हणाली. “मावशी, तू सांग ना, कसे आहेत बूट?”

व्हर्नामावशी हातात कपबशी धरून समोर उभी होती. तिने आधी त्या चेनकडे पाहिलं, मग मेरिनच्या चेहऱ्याकडे. तिचं तोंड उघडलं. मग तिची नजर रोवेनाकडे वळली, आणि रोवेनाच्या चेहऱ्यावर बहुधा ते रविवारचं हसू आधीच तयार होतं. मावशीने तोंड मिटलं.

“छान आहेत,” ती म्हणाली.

“आमच्याकडे चल ना आज,” रोवेना म्हणाली. “डेक्लन सूप करणार आहे.”

“बाळाला खोकला, मला पुढच्या आठवड्यात पोरांच्या परीक्षा. नको. माझं क्रेझिक काय लांब आहे का? घरी जाते, पाय वर करून पडते.” मेरिनने बाळाचा पंजा हातात घेऊन त्यावर फुंकर मारली. “आणि हे बूट नीट पुसून ठेवते. ओल्याने खराब होतात.”

रविवारी सकाळी रोवेनाने फोन केला. मेरिनने उचलला नाही. कार्यक्रमानंतर ती उशिरापर्यंत झोपायची, नेहमीचंच. रोवेनाने बाळाचा एक फोटो पाठवला, केसात दलियाचा लगदा माखलेला. तो बघितला गेला नाही. तिने कपडे धुवायला टाकले. पुन्हा बघितलं. कपडे वाळत घातले. आज ही, तिने मनाशी म्हटलं, आजची ही सोडायची, आणि त्या म्हणण्याने या वेळी काही हललं नाही. हातातला चिमटा तिने दोरीला लावला, काढला, पुन्हा लावला.

मग व्हर्नामावशीचा फोन आला.

“मेरिन फोन उचलत नाहीये.”

“झोपली असेल, मावशी.”

“असेल.”

रोवेनाने चिमट्यांची टोपली खाली ठेवली.

“मला आता गाडी चालवू देत नाहीत,” मावशी म्हणाली. “नाहीतर मी तुला सांगितलं नसतं. मीच गेले असते.”

रोवेनाने बाळाला घरच्या कपड्यांतच उचलून गाडीत बांधलं. रस्त्याच्या कडेला गवतावर अजून हिमाचा पांढरा थर होता. मेरिनच्या घराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. गाडी दारात नेहमीसारखी, थोडी तिरकी. किल्ली कुंडीखाली.

दार उघडलं की तो अरुंद बोळ, समोर तो आरसा, आणि आरशाखाली बूट घालायला ठेवलेलं बाकडं. मेरिन बाकड्यावरच होती, भिंतीला डोकं टेकून, अंगात कोट. म्हणजे ती आत आली, बसली, आणि पुढे कुठे गेलीच नाही. उजवा बूट काढून, पुसून, बाजूला नीट उभा ठेवलेला होता. फडकं तिच्या मांडीवर होतं. डावा बूट पायातच होता. चेन पूर्ण खाली ओढलेली, आणि तरी तो निघाला नव्हता.

बाळ मेरिनला ओळखून हसलं आणि तिच्याकडे झेपावलं. रोवेनाने त्याला छातीशी घट्ट आवळलं, इतकं की ते रडायला लागलं.

पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, असं नंतर सांगण्यात आलं. पाय बरेच दिवस हलला नाही की होते कधीकधी. ती सुटून फुप्फुसात गेली. वेळेत कळलं तर बहुतेकदा औषध असतं. सांगणारी डॉक्टर तरुण होती, रोवेनाच्याच वयाची. तिने विचारलं, “पाय सुजला होता का? एकच पाय?” डेक्लनने रोवेनाकडे पाहिलं. व्हर्नामावशीने नाही पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि त्याहून मोठी दया रोवेनावर कुणी केली नाही.

अंत्यविधीला ग्लेनिस आल्या होत्या. मागे उभ्या राहिल्या. सगळे निघाल्यावर त्या रोवेनाजवळ आल्या, टेपशिवाय त्यांचा गळा उघडा वाटत होता.

“मी तो बूट मनापासून केला होता गं,” त्या म्हणाल्या.

“माहितीय,” रोवेना म्हणाली. “तिला फार आवडले होते.”

“आता मी दोन पाय मोजते आणि माझा हात थांबतो. विचारते. बायका चिडतात. पट्टी घालून द्या म्हणतात, भाषण नको.”

दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, चार जाड पायांवर, ओल्या गवतात.

ते बूट आता रोवेनाच्या घरी दाराशी आहेत. कुणाला द्यायचे? ते दुसऱ्या कुणाच्या मापाचे नाहीतच. उजवा ताठ उभा राहतो. डावा पट्टीमुळे मऊ पडलाय, तो एका बाजूला कलतो, उजव्याला टेकून राहतो. बाळ आता रांगतं. ते जाऊन डाव्या बुटात कोपरापर्यंत हात घालतं आणि आत काही आहे का ते शोधतं. डेक्लन म्हणतो माळ्यावर ठेवू. रोवेना म्हणते, ठेवू.

व्हर्नामावशी रविवारी येते, पण आता काही सांगत नाही. शेवाळावरून जपून पाय टाकत आत येते, ताटात पडेल ते खाते. गेल्या रविवारी द्राक्षांची बशी टेबलावर होती, अख्ख्या द्राक्षांची. मावशीने बशीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. रोवेनाला ते बघवेना. तिने सुरी घेतली आणि एकेक द्राक्ष उभं चिरायला लागली.

“मावशी, बोल ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. आधी बोलायचीस तसं.”

मावशीने खोलीभर नजर फिरवली. मग हलक्या आवाजात, परवानगी मागितल्यासारखी म्हणाली, “तो टॉवेल हीटरच्या फार जवळ आहे.”

रोवेना उठली. टॉवेल काढला, घडी घातली आणि मावशीच्या हातात दिला. दोघींपैकी कुणी हसलं नाही.

नर्सबाईंनी सांगितलेलं रोवेनाने पूर्ण सोडलेलं नाही. बऱ्याचशा काळज्या ती अजूनही खाली ठेवते, नाहीतर बाळ वाढवणं शक्यच नाही. फक्त ठेवण्याआधी ती एकदा फोन करते. आणि तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: तुमच्या ओळखीत कुणीतरी एकटं राहत असेल, जे परवाच म्हणालं असेल की काही नाही गं, पाय जरा सुजलाय, चप्पल जरा घट्ट होतेय, दम लागतोय तो थंडीमुळे. हे वाचून झालं की त्यांना फोन लावा. एकच पाय की दोन्ही, ते विचारा. आणि फोन उचलला नाही, तर झोपले असतील म्हणू नका. जाऊन बघून या.